जुन्या फटफटीचा विमा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदी दिवस होतो. रॅलीचे फोटो फिरतात, कुणीतरी काकांच्या वाड्यात ताडपत्रीखाली पडलेली गाडी बाहेर ओढतो, आणि आठवडाभरात मला मेसेज सुरू होतात. मी विमा एजंट नाही. माझ्याकडे १९८१ची एक येझदी आहे, आणि तिची कागदपत्रं लावताना जे शिकलो ते इतरांना सांगतो, एवढंच. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळं भारतातल्या नियमांना धरून आहे.

१. माझी १९८९ची यामाहा आरएक्स १०० आहे. ती व्हिंटेज धरतात का?

कट्ट्यावर धरतात, कायद्यात नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१मध्ये झालेल्या दुरुस्तीप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली दुचाकी किंवा चारचाकीच व्हिंटेज ठरते. आरएक्स १०० आपल्याकडे १९८५ साली आली. म्हणजे सगळ्यात जुन्या आरएक्सलाही २०३५पर्यंत थांबावं लागेल. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१नंतर 'जावा' नावाने निघालेल्या गाड्या आता या व्याख्येत बसतात, १९७३नंतरच्या येझदी एकेक करून बसू लागल्या आहेत.

विम्यापुरता मात्र या फरकाने फारसं अडत नाही. कंपनीच्या लेखी पाच वर्षांपुढची गाडी म्हणजे जुनी गाडी, मग ती १५ वर्षांची असो की ६०. 'व्हीए' नंबर (व्हिंटेज गाडीचा खास नोंदणी क्रमांक) घ्यायचा की नाही हा वेगळा विषय आहे, तो प्रश्न १४ मध्ये.

२. गाडी वर्षातून चारदा निघते. विमा काढावाच लागतो का?

हो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी गाडी नेताना थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीने समोरच्याचं केलेलं नुकसान भरून देणारा विमा, हवाच. नसला तर पहिल्या वेळी ₹२,००० दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, पुढच्या वेळी दंड ₹४,०००. पण दंडाची भीती दुय्यम आहे. एखादा माणूस धडकेत गेला, तर भरपाई लाखांत ठरते आणि विमा नसेल तर ती मालकाच्या घरादारावर येते. त्याला चार वेळा निघणं लागत नाही, एकदा पुरतं. गाडी अजिबात निघतच नसेल तर प्रश्न १२ पाहा.

३. थर्ड पार्टीचा हप्ता किती? जुन्या गाडीला जास्त पडतो का?

नाही. हा दर सरकार ठरवतं, तो गाडीच्या वयावर नाही तर सीसीवर असतो, आणि सगळ्या कंपन्यांत सारखाच. १ जून २०२२पासून लागू झालेले वर्षाचे दर असे: ७५ सीसीपर्यंत ₹५३८ (लूना, एम-८०), ७५ ते १५० सीसी ₹७१४ (आरएक्स १००, चेतक), १५० ते ३५० सीसी ₹१,३६६ (जावा, येझदी, राजदूत, साडेतीनशेची बुलेट), ३५० सीसीच्या वर ₹२,८०४ (लष्कराच्या लिलावातून आलेल्या बीएसए एम-२० किंवा नॉर्टन १६एच). वर १८ टक्के जीएसटी. शिवाय मालक-चालकाचा ₹१५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा लागतो. तो तुमच्या दुसऱ्या गाडीवर आधीच काढलेला असेल तर इथे परत भरू नका, तसं लिहून द्या.

थर्ड पार्टी विम्यात समोरच्याच्या मृत्यूला किंवा दुखापतीला रकमेची मर्यादा नाही. समोरच्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला दुचाकीसाठी ₹१ लाखाची आहे.

४. मग थर्ड पार्टी पुरे, की फुल घ्यावा?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. माझं मत असं, की गाडी ₹३०,०००च्या आतली असेल आणि तुम्ही एकटेच चालवत असाल, तर थर्ड पार्टी पुरे. बाकी सगळ्यांनी फुल, म्हणजे थर्ड पार्टीसोबत स्वतःच्या गाडीचं नुकसानही धरणारी पॅकेज पॉलिसी घ्यावी. पण लोक देतात त्या कारणासाठी नाही.

लोकांना वाटतं, फुल घेतला की गाडी पडली, घासली, की कंपनी नवी करून देईल. जुन्या गाडीला तसं होत नाही, का ते प्रश्न ७ मधल्या हिशेबात दिसेल. फुल विम्याचा खरा उपयोग गाडी पूर्ण जाते तेव्हा: चोरी, आग, पूर. टूस्ट्रोक गाडीच्या गळक्या कार्ब्युरेटरखाली पेट्रोलचं तळं साचलेलं ज्याने पाहिलंय, त्याला आगीचं वेगळं सांगायला नको.

दुसरं कारण मागच्या सीटवर बसतं. निव्वळ थर्ड पार्टी पॉलिसीत मागे बसलेला माणूस धरला जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली युनायटेड इंडिया विरुद्ध तिलक सिंग या खटल्यात हे स्पष्ट केलं. पॅकेज पॉलिसीत मात्र तो धरला जातो, विमा नियामकाने नोव्हेंबर २००९च्या परिपत्रकात तसं सांगितलं आहे. तेव्हा रविवारी बायकोला मागे बसवून सिंहगडाला नेणार असाल, तर थर्ड पार्टीवर निघू नका.

५. ऑनलाइन फॉर्मने माझ्या १९७२च्या जावाची किंमत सात हजार दाखवली. बाजारात तिला दीड लाख मिळतात. काय करू?

'पुढे जा'चं बटण दाबू नका. जुन्या गाडीच्या विम्यातला निम्मा घोळ इथेच होतो.

पॉलिसीवर लिहिलेल्या या किमतीला आयडीव्ही म्हणतात. नव्या गाडीसाठी ती कोष्टकातून येते: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के घट, करत करत चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के. कोष्टक पाच वर्षांवर संपतं. त्यापुढच्या गाडीची, आणि उत्पादन बंद झालेल्या मॉडेलची, किंमत मालक आणि कंपनी यांनी आपसात ठरवायची असते. पॉलिसीच्या नियमातच तसं लिहिलेलं आहे. संगणकाला आपसात बोलता येत नाही, म्हणून तो सात हजार टाकतो.

तेव्हा कंपनीच्या शाखेत जा. जाताना हे न्या: परवानाधारक सर्वेक्षकाकडून करून घेतलेला मूल्यांकन अहवाल, गाडीचे चहूबाजूंचे फोटो, इंजिन आणि चासी नंबरचे जवळून घेतलेले फोटो, मेस्त्रीची आणि सुट्या भागांची बिलं. जुन्या बाजारातून घेतलेल्या भागांना बिल नसतं, हे मलाही माहीत आहे. क्रोम, रंगकाम, इंजिनकाम यांची तरी पक्की बिलं ठेवा. शाखेतला माणूस आधी नाही म्हणेल. दुसऱ्या खेपेला वरिष्ठांना भेटा. खासगी कंपनीपेक्षा चार सरकारी कंपन्यांच्या शाखांत हे काम सोपं जातं, असा माझा अनुभव आहे.

किंमत एकदा ठरून पॉलिसीवर छापली गेली, की त्या वर्षात गाडी पूर्ण गेल्यास तीच बाजारभाव धरली जाते, तिच्यातून पुन्हा घसारा (गाडीच्या वयापोटी धरलेली घट) कापत नाहीत. हप्ताही लोकांना वाटतो तितका वाढत नाही. सगळ्या कंपन्यांना बांधून दिलेल्या जुन्या दरपत्रकात, म्हणजे टॅरिफमध्ये, अशा गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा दर किमतीच्या दोन टक्क्यांच्या आसपास होता. २००७पासून कंपन्या आपापला दर लावतात आणि सूटही देतात. दीड लाखाला दोन टक्क्यांनी वर्षाला तीन हजार होतात. एवढ्यासाठी सात हजारांवर सही करू नका.

६. किंमत कमी लिहिली तर हप्ता वाचतो. क्लेम करायचाच नसेल तर काय बिघडलं?

गाडीच हातची जाऊ शकते. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला, की कंपनी गाडी 'पूर्ण नुकसान' धरते. पॉलिसीवर ₹७,००० लिहिलेले असतील तर ही रेघ ₹५,२५० वर येते. जावाची टाकी चेपली, सायलेन्सर वाकला, फोर्क सरळ करायचा निघाला, की तेवढे सहज होतात. मग हाती सात हजार, आणि गाडी कंपनीची भंगार. आरसी (गाडीचं नोंदणी पुस्तक) रद्द करून आणा अशी मागणीही होऊ शकते. अशा वेळी भंगाराची किंमत वजा करून गाडी स्वतःकडे ठेवण्याचा तोडगा मागता येतो, तो लेखी मागा. त्यापेक्षा आधीच किंमत नीट लिहून घेणं बरं.

७. माझा ₹२०,०००चा क्लेम होता, हातात साडेबारा हजार आले. फसवलं का?

बहुधा नाही. दहा वर्षांपुढच्या गाडीच्या धातूच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात. रबर, प्लास्टिक, टायर-ट्यूब, बॅटरी यांवर गाडीचं वय काहीही असो, ५० टक्केच. काचेवर काही कापत नाहीत. रंगकामात एकूण खर्चाचा २५ टक्के हिस्सा साहित्याचा धरून त्याच्या निम्मे कापतात. मजुरी पूर्ण मिळते.

तुमचं बिल असं असावं: धातूचे भाग ₹१२,०००, मिळाले ₹६,०००. रबरी भाग ₹२,०००, मिळाले ₹१,०००. रंगकाम ₹४,०००, मिळाले ₹३,५००. मजुरी ₹२,०००, मिळाली पूर्ण. बेरीज ₹१२,५००. यातूनही सक्तीची वजावट म्हणून थोडी रक्कम कापली जाते. घसारा न कापणारं, झीरो डेप नावाचं जोडकलम असतं, पण ते सहसा नव्या गाड्यांनाच देतात.

यावर एकच उपाय आहे: बिलात मजुरी आणि भाग वेगळे लिहून घ्या. आपले मेस्त्री चिठ्ठीवर 'फुल काम २०,०००' असं लिहून देतात आणि मग सर्वेक्षक सगळ्यावरच निम्मे कापतो.

८. गाडीचा नंबर जुना, तीन अक्षरी आहे. कुठलीच वेबसाइट तो घेत नाही.

दोष नंबरचा नाही. त्या काळच्या आरसी पुस्तकांतल्या बऱ्याच नोंदी 'वाहन' या संगणकीय प्रणालीत चढलेल्याच नाहीत. जिथे मूळ नोंदणी झाली त्या आरटीओत बॅकलॉग एंट्रीचा अर्ज करा. मूळ पुस्तक, ओळखपत्र, आणि गाडी दाखवावी लागेल हे धरून चला. पुस्तक जीर्ण असेल तर लॅमिनेट करू नका, शिक्के तपासता येत नाहीत म्हणून परत पाठवतात. माझं पाठवलं होतं.

त्याच फेरीत आरसीची मुदत पाहा. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण आणि सोबत पर्यावरण कर. हे सोडून नुसता विमा भरणारे खूप आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली सुशील कुमार गोदारा खटल्यात वैध नोंदणी नसलेल्या गाडीचा चोरीचा क्लेम नाकारणं योग्य ठरवलं. मुदत संपलेल्या आरसीवर भरलेला फुल विम्याचा हप्ता पाण्यात जाऊ शकतो.

९. विमा अकरा वर्षांपूर्वी संपलाय. आता मिळेल का?

मिळेल. थर्ड पार्टी लगेच मिळतो. फुल हवा असेल तर कंपनीचा माणूस गाडी पाहून जातो. त्याला गाडी चालू दाखवा, आणि शक्य झालं तर मूल्यांकन अहवाल त्याच वेळी पुढे करा (प्रश्न ५). मागच्या वर्षांचा दंड वगैरे काही नसतो. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, मात्र गेला. पॉलिसी संपून ९० दिवस झाले की तो जातो, आणि पुन्हा २० टक्क्यांपासून सुरुवात करून ५० टक्क्यांपर्यंत चढावं लागतं.

१०. गाडी आजोबांच्या नावावर आहे. ते २००९ साली गेले. मी विमा त्यांच्याच नावाने भरतोय. चालेल ना?

हप्ता स्वीकारला जातोय, याचा अर्थ विमा आहे असा होत नाही. मालक गेल्यावर पॉलिसी तीन महिने किंवा तिची मुदत, यांत जे आधी संपेल तोवरच चालते. तेवढ्यात वारसाने नाव बदलून घ्यायचं असतं. आधी आरटीओत वारसाच्या नावे हस्तांतर करा: मृत्यूचा दाखला, वारस असल्याचा पुरावा, बाकी वारसांचं ना-हरकत. चार काका आणि दोन आत्या असतील तर सह्या गोळा करायला गणपतीचा मुहूर्त बरा, सगळे एका घरात सापडतात.

विकत घेतलेल्या गाडीचंही हेच. मालकी बदलली की थर्ड पार्टी विमा कलम १५७प्रमाणे आपोआप नव्या मालकाकडे येतो, पण स्वतःच्या नुकसानीचा भाग येत नाही. त्यासाठी १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करावा लागतो. 'टीटीओ (आरटीओतलं मालकी हस्तांतर) नंतर करू' म्हणून सहीचे कोरे फॉर्म घेऊन फिरणाऱ्यांची गाडी चोरीला गेली, तर आधीच्या मालकाची गाडी नाही आणि तुमचा विमा नाही.

११. जावाला येझदीचं इंजिन बसवलंय. सांगायची गरज आहे?

आहे, आधी आरटीओला आणि मग कंपनीला. जावा-येझदीत ही अदलाबदल इतकी सर्रास झाली आहे, की कुणाला त्यात बदल वाटतच नाही. पण आरसीवरचा इंजिन नंबर आणि गाडीवरचा नंबर जुळला नाही की सर्वेक्षक पुढचं काही पाहत नाही. रंग बदलला, साइडकार जोडली तरी तेच: आरसीवर चढवा, मग पॉलिसीवर. साइडकारचा वेगळा हप्ता पडतो. चासी नंबर घासून पुन्हा ठोकलेली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका, तिथे प्रश्न विम्याचा नाही, पोलिसांचा आहे.

१२. गाडी खोलून ठेवली आहे, दीड वर्ष तरी रस्त्यावर येणार नाही. विमा हवा का?

खासगी जागेत उभ्या गाडीला कायद्याने सक्ती नाही. पण आग आणि चोरी उभ्या गाडीलाही होते. गॅरेजमध्ये बंद असलेल्या गाडीसाठी फक्त आग-चोरीचा मर्यादित विमा असतो. वेबसाइटवर दिसणार नाही, शाखेत नाव घेऊन मागा. गोव्यात किंवा कोकणात वडिलोपार्जित घरी गाडी ठेवून स्वतः परदेशात असणाऱ्यांनाही हाच बरा.

दोन बारकावे. एक, गाडीपासून सुटे काढून कपाटात ठेवलेले भाग किंवा जादाचं इंजिन हे गाडीच्या विम्यात येत नाही. दोन, गाडी रेल्वेने किंवा टेम्पोने पाठवताना होणारं नुकसान पॅकेज पॉलिसीत येतं, त्यासाठी वेगळं काही काढावं लागत नाही.

१३. रॅलीत, शर्यतीत किंवा सिरियलच्या शूटिंगला दिली तर?

नुसती मिरवणुकीसारखी रॅली असेल तर अडचण नाही. वेळेवर गुण असलेली रॅली, विश्वासार्हता चाचणी, शर्यत, वेगाची चाचणी हे सगळं पॉलिसीच्या वापरातून वगळलेलं असतं. रॅलीसाठी त्या दिवसांपुरतं कलम जोडून घेता येतं, आयोजकांची पत्रिका घेऊन आधी जा. शूटिंगला किंवा लग्नाच्या वरातीला पैसे घेऊन गाडी दिली, की तो भाड्याचा वापर झाला आणि तो वगळलेला आहे. निर्मितीवाल्यांकडून नुकसानभरपाईचं पत्र लिहून घ्या. मित्राला फुकट दिली तर चालतं, त्याच्याकडे परवाना हवा. फक्त मालकाचा ₹१५ लाखांचा अपघात विमा मित्राला लागू होत नाही.

१४. 'व्हीए' नंबर घेतला तर हप्त्यात सूट मिळते का?

थर्ड पार्टीच्या दरपत्रकात व्हिंटेज म्हणून नोंदलेल्या खासगी मोटारीला निम्मा दर आहे. तिथे मोटार असं लिहिलंय, दुचाकी नाही. म्हणजे आपल्याला ती सूट नाही.

नवी व्हिंटेज नोंदणी ₹२०,०००, दहा वर्षांची, पुढे नूतनीकरणाला ₹५,०००. अर्जासोबत विमा पॉलिसी लागते, म्हणजे विमा आधी. आणि या नोंदणीवर गाडी रोज वापरता येत नाही: प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल आणि देखभाल यांपुरतीच. मंडईत भाजी आणताना अपघात झाला तर कंपनीला नाही म्हणायला कारण मिळतं. आधीपासून नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. जिची नोंदणी चालू आहे आणि जी अधूनमधून चालवायची आहे, तिला मी व्हीए घेणार नाही. कागद पूर्ण हरवलेली, बाहेरून आणलेली, किंवा दिल्ली परिसरात पंधरा वर्षांच्या नियमात अडकलेली पन्नाशीपुढची गाडी असेल तर जरूर विचार करा.

१५. गाडी पुरात बुडाली. सुरू होतेय का पाहू?

किक मारू नका. २०१९ला सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ला चिपळूण-महाडला अनेकांनी ही चूक केली. पूर पॅकेज पॉलिसीत येतो. पण पाणी शिरलेलं इंजिन सुरू केल्याने कनेक्टिंग रॉड वाकला, तर कंपनी त्याला नंतरचं, तुमच्यामुळे झालेलं नुकसान म्हणते. फोटो काढा, पाण्याची रेघ भिंतीवर दिसेल असे. कंपनीला कळवा, गाडी ढकलत न्या.

१६. चोरीच्या क्लेमला दोन्ही किल्ल्या मागतात. जुन्या गाडीला मूळ किल्ली कुठून आणू?

जुन्या गाड्यांच्या किल्ल्या एकमेकींना लागतात, हे चोरालाही माहीत असतं. दुसरी किल्ली नसेल तर पॉलिसी घेतानाच तसं पत्र देऊन पोच घ्या, चोरीनंतर दिलेल्या पत्राला वजन नसतं. चोरी कळताच त्याच दिवशी पोलिसांत तक्रार करा. कंपनीला कळवायला थोडा उशीर झाला, पण तक्रार वेळेत असेल, तर केवळ त्या उशिरासाठी क्लेम नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली गुरशिंदर सिंग खटल्यात सांगितलं आहे. पुढे पोलिसांकडून 'अ' समरी (गुन्हा खरा, पण तपास लागला नाही असा अहवाल) मिळाल्याशिवाय पैसे येत नाहीत, त्याला महिने लागतात. गाडी न जाता नुसती पेटी, गार्ड किंवा आरसे चोरीला गेले तर दुचाकीला त्याचे पैसे नाहीत, त्यासाठी वेगळं कलम घ्यावं लागतं.

१७. पीयूसी नव्हती म्हणून क्लेम नाकारलाय. कुठे जाऊ?

पीयूसी नाही एवढ्याच कारणाने क्लेम नाकारता येत नाही, हे विमा नियामकाने २०२० साली स्पष्ट केलं आहे. आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी कळवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. पुण्यात आणि मुंबईत कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही. जाताना कंपनीशी झालेला सगळा पत्रव्यवहार न्या, गाडीच्या किमतीवरून झालेलाही (प्रश्न ५), म्हणून शाखेतल्या माणसाने तोंडी 'होऊन जाईल' म्हटलं की त्याच संध्याकाळी त्याला ईमेल टाकून ठेवा.